ड्वार्फ फोर्ट्रेसमधला व्यापार: हलका माल कसा बनवायचा आणि कुणाला विकायचा

ड्वार्फ फोर्ट्रेस हा ड्वार्फांचा, म्हणजे बुटक्या खाणकऱ्यांचा, गड वसवून चालवण्याचा संगणकीय खेळ खेळायला घेतला की पहिला सल्ला हमखास मिळतो: दगडी मग बनवा आणि विका. सल्ला चांगला आहे. दगड फुकट मिळतो, एका दगडातून तीन मग निघतात आणि पहिल्या शरदात येणारा ड्वार्फांचा तांडा ते घेतोही. खरी अडचण दुसऱ्या वर्षी वसंतात येते. एल्फांचा, म्हणजे जंगलात राहणाऱ्या जमातीचा, तांडा येतो, तुम्ही मगांनी भरलेले बिन (मोठ्या पेट्या) डेपोवर, म्हणजे व्यापाराच्या जागी, आणून ठेवता आणि अर्ध्या मालावरच व्यापारी सांगतो की एवढं वजन आम्हाला नेता येणार नाही. हवं ते अजून निम्मंही विकत घेऊन झालेलं नसतं.

या खेळात प्रत्येक तांड्याला वजनाची मर्यादा असते, आणि बहुतेक मार्गदर्शकांत तिच्याबद्दल एखादंच वाक्य असतं. माझ्या मते व्यापाराचा सगळा विचार या मर्यादेपासूनच सुरू व्हायला हवा. वस्तू किती रुबाबदार आहे यापेक्षा किलोमागे तिची किंमत किती पडते, हे बघा. अमेरिकेला निघालेल्या लेकीच्या तेवीस किलोच्या बॅगेत काय भरायचं हे ठरवताना आई जसा विचार करते, तसाच इथे करायचा.

पुढचं सगळं स्टीमवर ६ डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या आवृत्तीला धरून लिहिलं आहे. मोफत मिळणाऱ्या क्लासिक आवृत्तीतही हिशोब हाच.

आधी वजनाचं गणित

वस्तूचं वजन म्हणजे तिचं आकारमान गुणिले पदार्थाची घनता. खेळ बनवणाऱ्या टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स या भावांनी दगडांच्या आणि धातूंच्या घनतेचे आकडे बहुतेक खऱ्या जगातलेच घेतले आहेत. साधा दगड घनमीटरला सुमारे २,६७० किलो, लोखंड आणि पोलाद ७,८५०, तांबं ८,९३०, चांदी १०,४९०, शिसं ११,३४०, सोनं १९,३२०, प्लॅटिनम २१,४००. हाड आणि चामडं मात्र फक्त ५००.

आता किंमत. अंगठी, बांगडी, ताईत, मुकुट, मूर्ती, राजदंड अशा सगळ्या किरकोळ कलावस्तूंची मूळ किंमत १० असते. तिला पदार्थाचा गुणक लागतो. साधा दगड, लाकूड आणि हाड यांचा १, तांब्याचा आणि शिशाचा २, लोखंडाचा आणि चांदीचा १०, पोलादाचा आणि सोन्याचा ३०, प्लॅटिनमचा आणि अॅल्युमिनियमचा ४०, अॅडमॅन्टाइन या काल्पनिक धातूचा ३००.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून भागाकार केला की मजेशीर चित्र दिसतं. एकाच आकाराच्या, एकाच दर्जाच्या दोन अंगठ्या घ्या, एक दगडी आणि एक सोन्याची. सोन्याचीला तीसपट किंमत मिळते, पण तिचं वजनही सातपटीहून जास्त भरतं. म्हणजे किलोमागे सोनं दगडापेक्षा साधारण चौपट फायद्याचं. चांदी अडीचपट, प्लॅटिनम पाचपट. आणि हाड? किंमत दगडाएवढीच, पण वजन पाचव्या हिश्शाहून कमी, म्हणजे किलोमागे सव्वापाचपट. वजनाच्या हिशोबात कोंबडीच्या हाडाची अंगठी सोन्याच्याच काय, प्लॅटिनमच्या अंगठीलाही मागे टाकते.

तांबं आणि शिसं तर दगडापेक्षाही तोट्याचं. शिशाच्या मूर्ती विकायला ठेवू नका. गॅलेना हे शिशाचं खनिज नुसता दगड म्हणून वापरलं तरी साध्या दगडापेक्षा खूप जड असतं.

अॅल्युमिनियम ही या यादीतली खास चीज. घनता २,७००, जवळपास दगडाएवढीच, आणि किंमत प्लॅटिनमची. किलोमागे दगडाच्या चाळीसपट. खेळातली ही किंमत हवेतून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अॅल्युमिनियम शुद्ध करणं फार खर्चाचं होतं आणि तो धातू दुर्मिळ समजला जाई. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर मुद्दाम अॅल्युमिनियम बसवलं होतं. खेळात तो फक्त नैसर्गिक खनिजाच्या रूपात आणि क्वचितच सापडतो. सापडला तर भांडी-फर्निचरात घालवू नका, कलावस्तू करा. अॅडमॅन्टाइनची घनता २०० आणि गुणक ३००, त्यामुळे कागदावर त्याच्यासारखं काहीच नाही. पण ते विकायचा विचारही करू नये. त्याची चिलखतं आणि तलवारी गडाचा जीव वाचवतात.

या सगळ्यावर दर्जाचा गुणक बसतो. दर्जाच्या पायऱ्या चढतील तशी किंमत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट होते आणि मास्टरवर्कला, म्हणजे सर्वोत्तम कारागिरीला, थेट बारापट. दर्जा वाढल्याने वजन मात्र एक ग्रॅमही वाढत नाही. हाडाची साधी अंगठी १० ची, मास्टरवर्क १२० ची, आणि व्यापाऱ्याच्या जनावराच्या पाठीवर दोन्ही सारख्याच. हलका माल बनवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कुशल कारागीर घडवणं. नवा पदार्थ शोधण्याआधी हे करा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. वजन ही एक मर्यादा, कारागिराचा वेळ ही दुसरी. हाडाची अंगठी आणि सोन्याची अंगठी, दोन्हींना एकेक काम लागतं, पण सोन्याची तीसपट किंमत देते. तांड्याकडे वॅगन (चाकांच्या मोठ्या गाड्या) असतील, वजनाला जागा भरपूर असेल आणि कारागीर थोडे असतील, तर सोनं बरं. तांड्याकडे नुसती ओझ्याची जनावरं असतील तर हाड, कापड, चामडं. कोण कधी येतो हे कळलं की कुठला माल कधी बनवायचा ते आपोआप ठरतं.

कोण कधी येतो

एल्फ वसंतात, माणसं उन्हाळ्यात, ड्वार्फ शरदात. हिवाळ्यात कुणी नाही. पहिल्या वर्षी फक्त तुमच्याच राज्याचे ड्वार्फ येतात. माणसं आणि एल्फ यांचा तुमच्या जागेशी संपर्क असेल तर ते दुसऱ्या वर्षापासून यायला लागतात. खेळातलं वर्ष अठ्ठावीस दिवसांच्या बारा महिन्यांचं. ग्रॅनाइट महिन्याच्या पहिल्या तारखेला तुम्ही वसंतात उतरता आणि शरदाचा पहिला महिना, लाइमस्टोन, सहा महिन्यांनी उजाडतो. पहिला माल तयार करायला तेवढाच अवकाश.

एल्फ वॅगन आणत नाहीत. त्यांचा सगळा माल जनावरांच्या पाठीवर, म्हणून त्यांची वजनमर्यादा सगळ्यात कमी. माणसं आणि ड्वार्फ वॅगन आणू शकतात, पण त्यासाठी डेपोपर्यंत तीन चौकटी रुंद, सलग रस्ता लागतो. वॅगन जिन्यावरून जात नाही, उतारावरून आणि पुलावरून जाते. वाटेत सापळा, झाड किंवा मोठा धोंडा असला तर अडते. वॅगनना वाट नाही असा संदेश आला तर त्या निघून गेल्या असं समजा. मग फक्त जनावरं आत येतात आणि ड्वार्फांशीही तुमचा व्यापार एल्फांच्या मापाने होतो.

डेपो, ब्रोकर, मॅनेजर

डेपो पाच बाय पाच चौकटींचा. तो गडाच्या दाराच्या आत, उचलता येणाऱ्या पुलामागे बांधा म्हणजे गॉब्लिन हे शत्रू आले की पूल उचलून व्यापाऱ्यांनाही सुरक्षित ठेवता येतं. तुमच्या दारात तांडा मेला तर त्या राज्याशी संबंध बिघडतात. तयार मालाचा स्टॉकपाइल (साठवणीची जागा) डेपोला अगदी खेटून ठेवा.

ब्रोकर, म्हणजे गडाच्या वतीने सौदा करणारा, म्हणून ज्याला मूल्यांकनाचं थोडं तरी कौशल्य आहे असा ड्वार्फ नेमा. मूल्यांकन येत नसेल तर किमती नीट कळत नाहीत आणि वजनाचा सगळा हिशोब अंधारात जातो. सुरुवातीला सात जणांना कौशल्यं वाटताना एका गुणाची ही गुंतवणूक मी नेहमी करतो. मॅनेजरही लवकर नेमा आणि त्याला बसायला ऑफिस द्या, कारण पुढचं सगळं उत्पादन वर्क ऑर्डरवर, म्हणजे मॅनेजरमार्फत दिलेल्या कामाच्या आदेशांवर, चालणार आहे.

पहिलं वर्ष: दगडावर भागवा

पहिल्या शरदापर्यंत तुमच्याकडे हाडं नसतात, कापड नसतं, फक्त दगड असतो. तेव्हा दगडच वापरा, पण डोक्याने. उतरल्यावर क्राफ्ट्सड्वार्फ वर्कशॉप खाणीजवळ बांधा आणि दगडकामाचं कौशल्य ज्याला दिलं आहे त्या एकालाच तिथे नेमा. वर्कशॉपच्या पडद्यावर कारागीर ठरवून देता येतो. चार जणांनी मिळून शंभर साधे मग करण्यापेक्षा एकानेच सगळे केले तर शेवटचे चाळीस चांगल्या दर्जाचे निघतात आणि तो कायमचा कुशल होतो. पुढेमागे त्याला विचित्र झपाटा (अचानक येणारी निर्मितीची झिंग) आला आणि त्यातून त्याने अलौकिक वस्तू घडवली, तर बहुतेक वेळा तो लेजेंडरी, म्हणजे सर्वोच्च कौशल्याचा, होऊनच बाहेर येतो.

मग की कलावस्तू? एका दगडातून मग तीन येतात, कलावस्तू एक ते तीन, आणि दोन्हींची मूळ किंमत १०. म्हणून मगच बनवा. दगडी यंत्रभागांची मूळ किंमत ३० असते, हे खरं, पण ते जड, आणि सापळ्यांना व पुलांना स्वतःलाच लागतात. ते विकायला ठेवण्यात अर्थ नाही. संगमरवर, चुनखडी यांचा गुणक २, पण पोलाद करायला तेच लागतात, त्यामुळे ते राखून ठेवा. ऑब्सिडियनचा गुणक ३. ते भरपूर मिळालं तर सगळे मग त्याचेच बनवा.

या मगांवर तुम्हाला पहिल्या शरदात काय घ्यायचं आहे ते ठरवा: ऐरण नसेल तर ऐरण, आणि उरलेल्या पैशांत चामडं. चामड्याचे बिन ड्वार्फ बरेचदा आणतात. तेच पुढच्या वर्षी तुमच्या हलक्या मालाचा पहिला कच्चा माल.

हाडं: खरा आधार

हाडांचा धंदा उभा करायला तीन गोष्टी शेजारी-शेजारी हव्यात: खाटीकखाना, हाडांचा छोटा स्टॉकपाइल आणि दुसरं क्राफ्ट्सड्वार्फ वर्कशॉप. खाटीकखान्यातून मांस, चरबी आणि कातडं ज्याच्या त्याच्या जागी जातं आणि हाडांचा ढीग मागे राहतो. उरलेली घाण कुजून दुर्गंधी पसरू नये म्हणून कचऱ्याचा स्टॉकपाइल बाहेर उघड्यावर काढा, पण त्यातून हाडं आणि कवट्या वगळा. त्यांचा वेगळा स्टॉकपाइल वर्कशॉपला चिकटून ठेवला की कारागिराची पायपीट वाचते.

जनावर कुठून आणायचं? कोंबड्या, टर्की, मेंढ्या, डुकरं यांपैकी एखादी जात वाढवणं सगळ्यात सोपं. ज्या पक्ष्यांना घरटी-पेट्या लागतात ते चरायला जागा मागत नाहीत, म्हणून मी त्यांनाच पसंती देतो. मोठं जनावर कापलं तर हाडं जास्त निघतात. शिकारीतून, पिंजऱ्यात सापडलेल्या रानटी प्राण्यांतूनही हाडं मिळतात. गॉब्लिनांची प्रेतं मात्र मोजू नका, ड्वार्फ बुद्धी असलेल्या जीवांना कापत नाहीत.

आता वर्क ऑर्डर. मॅनेजरच्या पडद्यावर हाडाच्या कलावस्तूंची पुन्हा पुन्हा होणारी ऑर्डर घाला आणि तिला एक अट लावा: मोकळी हाडं अमुक संख्येपेक्षा जास्त असतील तरच काम सुरू व्हावं. ही अट फार महत्त्वाची. विचित्र झपाटा आलेला ड्वार्फ कधी हाड मागतो, कधी कवच, कधी कापड, कधी रत्न. मागितलेलं मिळालं नाही तर तो वेडा होतो आणि जीवही जातो. वीस-पंचवीस हाडं कायम शिल्लक राहतील अशी अट असली तर ही चिंता राहत नाही. क्रॉसबोचे हाडी बाणही याच साठ्यातून येतात.

कवट्यांपासून टोटेम होतात. त्यांचा माल वेगळ्या बिनमध्ये ठेवा. का, ते एल्फांच्या भागात सांगतो.

हाडकाम करणाऱ्याला दगडकामाला लावू नका. दोन्ही कौशल्यं वेगळी आहेत आणि एकाचा सराव दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. कामांच्या वाटणीच्या पडद्यावर हाडकाम फक्त निवडलेल्यांनाच असं ठरवा आणि एकाच नावापुढे खूण करा.

कापड: हळू, पण पैसे देणारं

कापडाची साखळी लांब आहे, म्हणून लोक टाळतात. मला ती या खेळातली सगळ्यात समाधान देणारी साखळी वाटते. पिग टेल हे जमिनीखाली वाढणारं पीक उन्हाळ्यात आणि शरदात पेरता येतं. फार्मर्स वर्कशॉपमध्ये त्याचा धागा निघतो, बिया परत मिळतात. धागा तयार झाला की मागावर काम आपोआप पडतं आणि कापड होतं. त्यानंतर शिवणकाम: बिनबाह्यांचे अंगरखे, टोप्या, मोजे, पिशव्या, किंवा कापडाच्या कलावस्तू.

रंग दिल्याशिवाय कापड विकू नका. डिंपल कप हे पीक वर्षभर पेरता येतं, त्याचा निळा रंग जात्यावर दळून मिळतो, फक्त रंग ठेवायला मोकळी पिशवी हवी. ब्लेड वीडचा हिरवा आणि हाइड रूटचा लाल रंगही असाच. दळताना बिया परत मिळतात. रंग धाग्याला द्या किंवा कापडाला, एकदाच देता येतो. मी धाग्याला देतो, कारण मग मागावरून उतरणारं कापड आधीच रंगीत असतं आणि शिवणाऱ्याला थांबावं लागत नाही.

इथे एक धोका आहे. माग धागा दिसला की लगेच विणायला घेतो, आणि धागा रंगायच्या आत कापड होऊन जातं. मागाचं आपोआप विणणं बंद करून वर्क ऑर्डरमधून फक्त रंगवलेला धागा विणायला सांगितलं की हे थांबतं.

तयार कपड्यावर आणखी किंमत चढवायची असेल तर शिंप्याकडून त्यावर कापडाचं चित्र शिवून घ्या, किंवा जवाहिऱ्याकडून कापलेलं रत्न जडवून घ्या. रत्न जडवलेली हाडाची बांगडी डेपोवर सोन्याच्या बांगडीच्या शेजारी ठेवायला लाज वाटण्यासारखी नसते. सजावटीलाही स्वतःचा दर्जा असतो, म्हणून इथेही एकच कुशल हात. गुहांमधल्या जाळ्यांचं रेशीम मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी गुहा उघडाव्या लागतात आणि महाकाय गुहाकोळ्यांच्या वाटेला जावं लागतं. सैन्य तयार नसताना रेशमाच्या मागे जाऊ नका.

वेढ्यानंतरचे कपडे

गॉब्लिनांचा वेढा मोडला की मैदानात शेकडो कपडे पडलेले असतात. खेळात त्यांना स्वतःहून मनाई लागलेली असते. ती काढा आणि एका स्टॉकपाइलमध्ये गोळा करा. त्यांत रेशमी कपडेही असतात. फाटके, वापरलेले असल्यामुळे किंमत घसरते, तरी माल फुकट, हलका आणि ढिगाने मिळतो. ड्वार्फ आणि माणसं तो घेतात. तुमच्या ड्वार्फांचे जुने कपडेही याच वाटेने घालवा आणि त्यांना नवे शिवून द्या. फाटक्या कपड्यात वावरल्याने त्यांचं मन खट्टू होतं.

काच आणि रत्नं

वाळू असलेली जमीन आणि मॅग्मा (जमिनीखालचा तप्त लाव्हा), दोन्ही असतील तर हिरवी काच अखंड मिळते. मॅग्मावरच्या भट्टीला कोळसा लागत नाही. हिरव्या काचेचा गुणक २, घनता २,६००, म्हणजे किलोमागे दगडाच्या दुप्पट. स्वच्छ काचेचा गुणक ५, वजन तेवढंच, त्यामुळे ती हाडाच्या जवळपास पोहोचते, पण तिला पर्लॅश लागतो आणि तो लाकडाच्या राखेतून येतो. हे पुढे आठवणीत ठेवायचं आहे.

कापलेली सुटी रत्नं वजनाला नगण्य. सौद्यात शेवटी थोडी किंमत कमी पडत असेल तेव्हा दोन-चार रत्नं टाकून भर घालता येते. म्हणून ती मोठ्या बिनमध्ये न मिसळता वेगळी हाताशी ठेवा.

माल डेपोपर्यंत

तयार वस्तू बिनमध्ये भरल्या जातात आणि एक ड्वार्फ एका खेपेत अख्खा बिन उचलतो. लाकडी बिन धातूच्या बिनपेक्षा खूप हलका, म्हणून लाकडीच वापरा. हलक्या मालाचा फायदा इथे डोळ्यांना दिसतो. दगडी मगांनी भरलेला बिन उचलणारा ड्वार्फ गोगलगायीसारखा सरकतो, आणि व्यापारी लवकरच निघणार असल्याचा संदेश येतो तोवर निम्मे बिन वाटेतच असतात. हाडाच्या ताइतांचा तेवढाच भरलेला बिन तो भरभर आणून टाकतो.

माल हलवण्याचा आदेश तांडा नकाशाच्या काठावर दिसताच द्या, डेपोवर पोहोचण्याची वाट बघू नका. ब्रोकरला त्याच क्षणी बोलवा. तो झोपलेला किंवा दारू पीत असेल तर वेळ जातो. अगदीच येत नसेल तर कुणालाही व्यापार करू देण्याचा पर्याय आहे, पण मूल्यांकनाचं कौशल्य हुकतं.

माल हलवण्याआधी सरदारांचे आदेश वाचा. मेयर किंवा बॅरन एखाद्या वस्तूच्या निर्यातीवर बंदी घालतात आणि ती वस्तू विकली गेली की शिक्षा कुण्या निरपराध ड्वार्फाला होते. ताइतांवर बंदी असेल तर त्या वर्षी ताईत डेपोपासून दूर ठेवा.

एल्फांशी सौदा

इथे हलक्या मालाची खरी कसोटी लागते, म्हणून पायरीपायरीने सांगतो.

एल्फांना लाकूड चालत नाही. लाकडी वस्तू नाही, लाकडाची सजावट असलेली नाही, राखेपासून होणारी स्वच्छ काच नाही, साबण नाही. असा माल त्यांच्यापुढे ठेवला तर ते दुखावतात आणि सौदा तिथेच मोडतो. सगळ्यात मोठी चूक बिनची होते. व्यापाराच्या पडद्यावर बिनच्या ओळीवर खूण केली की लाकडी बिनही विकायला ठेवला जातो. बिन उघडा आणि आतल्या वस्तूंवर एकेक करून खूण करा. हिरवी काच, दगड, कापड, चामडं, हाड यांना त्यांची हरकत नसते. टोटेम मात्र मी त्यांच्यापुढे ठेवत नाही, कवट्यांच्या बाबतीत जोखीम कशाला घ्यायची.

पडदा उघडल्यावर आधी उजव्या-डाव्या याद्यांकडे बघू नका, तांड्याला अजून किती वजन पेलवेल तो आकडा बघा. मग त्यांच्या मालातून हवं ते निवडा. एल्फ अनेकदा पाळीव विचित्र प्राणी आणतात, आणि प्रजननासाठी नर-मादीची जोडी मिळाली तर ती सोडू नये. त्यांच्याकडची फळं, कापड आणि लाकूडही घेण्यासारखं असतं. तुम्ही त्यांचा माल निवडला की त्या मालाचं वजन त्यांच्या जनावरांवरून उतरतं आणि तुमच्या मालाला जागा होते. लाकडाचे ओंडके विकत घेतले तर ही जागा झपाट्याने वाढते.

आता तुमच्या बाजूला किलोमागे सगळ्यात जास्त किंमतीचा माल आधी: रत्न जडवलेले रंगीत कपडे, मास्टरवर्क हाडकाम, मग साधं हाडकाम. मर्यादेत बसत असतील तरच शेवटी दगडी मग. एकूण किंमत त्यांच्या मालाच्या दीडपटीपर्यंत ठेवली तर पहिल्याच वेळी सौदा सहसा मान्य होतो. त्यांचा मूड बरा झाला की पुढचे सौदे कमी फरकानेही होतात. फार घासाघीस केलीत तर ते कंटाळतात.

विकत घेतलेल्या लाकडी पिंजऱ्यातला प्राणी काढून घेतल्यावर तो पिंजरा पुन्हा त्यांच्याच यादीत जाऊ देऊ नका.

माणसं आणि ड्वार्फ

यांच्याकडे वॅगन असतात, जागा भरपूर, म्हणून दगड आणि सोनं इथे खपवा. लाकडाला हरकत नाही. चांगल्या प्रदेशात फेदरवुड मिळालं असेल तर त्याच्या लाकडी कलावस्तू यांना विका. त्या लाकडाची घनता फक्त १०० आहे, किलोमागे हाडाच्याही पाचपट.

शरदात ड्वार्फांबरोबर राजधानीचा दूत येतो. तो पुढच्या वर्षी त्यांना काय हवं आहे आणि त्याला किती जास्त भाव देतील ते सांगतो, आणि तुम्हाला काय हवं आहे ते विचारतो. त्यांच्या यादीत कलावस्तू, कपडे किंवा चामड्याचा माल असेल तर तुमचा एकच बिन जवळपास दुप्पट कामाचा होतो. तुमच्या बाजूने चामडं आणि धागा यांची मागणी वाढवा: कच्चा माल बाहेरून, कुशल हात तुमचे.

निर्यात वाढली की दोन गोष्टी बरोबर येतात, जास्त स्थलांतरित आणि जास्त शत्रू. गडाची श्रीमंती ऐकून गॉब्लिनही येतात. म्हणून पहिल्या मोठ्या सौद्यातच पोलादाची शस्त्रं आणि चिलखतं विकत घ्या. ड्वार्फ ती आणतात, आणि ती जड असल्यामुळे त्यांच्या वॅगनमध्ये तुमच्या मालासाठी भरपूर जागाही मोकळी होते.